तहान मे महिन्यात, ठराव ऑगस्टमध्ये



दर वर्षी मार्च उजाडला की मंडळ्यांतून विचारणा सुरू होते. यंदा पाड्यांवर टँकर पाठवायचा का? एका बोअरला किती खर्च येईल? विचारणारे मनापासून विचारतात, आणि त्यांच्या दानावर अनेक घरांचे उन्हाळे निभावले आहेत. तरी या अंकातील अभ्यासासाठी थोडा वेगळा प्रश्न घेतला आहे. पाड्याच्या पाण्यासाठी केंद्र सरकारने पैसा ठेवलेला असतो. तो पाड्यापर्यंत का पोचत नाही, आणि तो मागायचा कसा? आपली देणगी कोठे खर्च व्हावी हेही या उत्तरावर अवलंबून आहे.

आधी पाण्याची स्थिती पाहू. जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ, अक्कलकुवा या भागांत पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. चार महिने डोंगर भिजून वाहतात. पण खाली काळा कातळ आहे. तो पाणी धरून ठेवत नाही, आणि उतारावरून सगळे पाणी खोऱ्यात निघून जाते. फेब्रुवारी सरता सरता झरे बारीक होतात आणि एप्रिलमध्ये बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरू लागतात. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी दोन मोठी धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईतील आपल्या वाचकांनी नळ उघडताना हे एकदा आठवावे.

आता पैशाचे. राज्यघटनेच्या कलम २७५(१) प्रमाणे अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठी केंद्राच्या तिजोरीतून राज्यांना अनुदान मिळते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचे उद्दिष्ट. महाराष्ट्रात त्याचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात, आणि त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचे २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगण्यात आले. १५ नोव्हेंबर २०२३ पासून 'पीएम जनमन' सुरू झाले. ते देशातील ७५ अतिअसुरक्षित आदिवासी समूहांसाठी आहे, आणि त्यांत आपल्याकडचे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समूह येतात. २ ऑक्टोबर २०२४ रोजी 'धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान' आले. त्याच्या ७९,१५६ कोटी रुपयांच्या तरतुदीत केंद्राचा वाटा ५६,३३३ कोटींचा आहे. शेवटच्या दोन्ही योजनांत वीस घरांच्या आतल्या वस्त्यांसाठीही पाण्याची सोय धरलेली आहे. ही गोष्ट मोलाची आहे, कारण आपले बहुतेक पाडे 'लोकसंख्या फार कमी' या एका शेऱ्यावर मागे पडत आले आहेत.

इतके असूनही अनेक पाडे कोरडे राहतात. याला कारणे पुष्कळ आहेत. कधी ठेकेदार काम अर्धवट टाकतो, कधी टाकी होते पण तिला पाण्याचा स्रोतच नसतो, कधी नळ बसतो आणि मार्चनंतर त्यातून हवा येते. पण आपल्या हातात असलेले एक कारण आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ते म्हणजे वेळ.

तहान मे महिन्यात लागते. मे महिन्यात लोक तहसीलवर जातात, निवेदन देतात, वर्तमानपत्रात हंड्यांचा फोटो येतो. त्यावेळी सरकारच्या हातात उपाय एकच उरतो, तो म्हणजे टँकर. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरपासून तयार होऊ लागतो. टंचाई आराखडाही ऑक्टोबर ते जून या काळासाठी तीन टप्प्यांत केला जातो. विहीर खोल करणे, विंधन विहीर, तात्पुरती पूरक नळयोजना, नादुरुस्त नळयोजनेची विशेष दुरुस्ती ही कामे त्यात आधी नोंदलेली असावी लागतात. म्हणजे ज्या दिवसांत मागणी कागदावर यायला हवी, त्या दिवसांत पाड्याच्या दाराशी ओढा वाहत असतो, भात निसवत असते आणि पाण्याची आठवण कोणाला नसते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघतच नाही, आणि निघाला तर लोक हसतात.

पवित्र शास्त्रात नहेम्याचे पुस्तक वाचताना आपण त्याच्या प्रार्थनेवर थांबतो, ते योग्यच आहे. पण त्याने केलेली मागणी एका अर्जासारखी वाचून पाहा. यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते आणि राजापुढे तो बोलतो निसान महिन्यात. मधल्या चार महिन्यांत त्याने काय केले ते त्याच्या उत्तरांवरून दिसते. राजाने विचारताच त्याने मुदत सांगितली. नदीपलीकडच्या अधिपतींच्या नावे पत्रे मागितली. राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्या नावे लाकडासाठी वेगळे पत्र मागितले, आणि लाकूड कोणत्या कामाला लागणार तेही सांगितले. नगरात पोचल्यावर मोजक्या माणसांना घेऊन रात्री त्याने कोट स्वतः फिरून पाहिला, आणि मगच तेथील लोकांपुढे विषय काढला. काय, किती, कोणाकडून, केव्हापर्यंत: इतके ठरल्यावाचून तो कोणाच्या दारी गेला नाही.

पाड्याच्या बाबतीत 'किती' याचे उत्तर बादली आणि घड्याळ देते. समजा, पाड्यावर ४० घरे आणि २०० माणसे आहेत. माणशी ५५ लिटर धरले तर रोज ११,००० लिटर पाणी लागेल. आता मे महिन्यात, सर्वांत वाईट आठवड्यात, झऱ्याच्या धारेखाली १५ लिटरची बादली धरा. ती दोन मिनिटांत भरली तर तासाला ४५० लिटर आणि चोवीस तासांत १०,८०० लिटर पाणी येते. गरज जवळजवळ भागते! मग पाड्याला पाणी का पुरत नाही? कारण रात्रभराचे पाणी ओढ्यात वाहून जाते. अशा पाड्याने बोअर मागणे चूक आहे. त्याने झऱ्याचे संरक्षण आणि रात्रीचे पाणी धरणारी टाकी मागावी. उलट बादली भरायला दहा मिनिटे लागत असतील, तर कितीही मोठी टाकी बांधली तरी ती रिकामीच राहील. तेव्हा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने जागा पाहून द्यावी, अशी मागणी आधी करायची. हे मोजमाप मे महिन्यात तीन-चार वेळा, तारीख आणि वेळ घालून वहीत लिहून ठेवले, तर ऑगस्टमध्ये कोणी हसत नाही. पाड्यावरच्या दहावी झालेल्या मुलीला हे काम द्यावे. ती ते अभियंत्यापेक्षा नियमित करते.

मग ठराव. येथे जरा थांबू, कारण बहुतेक मागण्या येथेच मरतात. "पाड्यावर पाण्याची सोय करण्यात यावी, असे सर्वानुमते ठरले" हा ठराव शेकडो इतिवृत्तांत सापडेल. त्याला नकार मिळत नाही आणि मंजुरीही मिळत नाही. तो नुसता पडून राहतो, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून पुढचे पाऊल कोणते ते कळत नाही. कामाचा ठराव असा असतो: पाड्याचे नाव, घरे आणि माणसे, सध्याचा स्रोत आणि त्याचे अंतर, मे महिन्यातील मोजमाप, नेमके काय हवे, कोणत्या योजनेतून हवे, जागा कोणाची आहे व तिच्या मालकाची संमती, आणि देखभाल कोण करणार. शेवटी एक वाक्य अवश्य असावे, की कनिष्ठ अभियंत्याने अमुक मुदतीत पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे. अंदाजपत्रकाशिवाय तांत्रिक मान्यता नाही आणि तांत्रिक मान्यतेशिवाय पैसा नाही.

ठराव कोणाचा, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्रातील १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे आणि तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्यात गावाची व्याख्या वस्तीपर्यंत, पाड्यापर्यंत खाली येते. आपल्या रूढीपरंपरेने कारभार चालवणारा पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हावा, अशी मागणी २०१४ च्या राज्य नियमांनुसार करता येते. मोठ्या ग्रामपंचायतीत पाच-सहा पाडे असले की सरपंचाच्या गावठाणाचा आवाज मोठा असतो. स्वतःची ग्रामसभा असलेल्या पाड्याचा ठराव त्या गोंगाटात हरवत नाही. रायगड जिल्हा मात्र अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून तेथील कातकरी वाड्यांना पेसाचा आधार नाही, पण पीएम जनमनचा आहे, कारण ते क्षेत्र पाहत नाही, समूह पाहते. आपल्या सेवकांकडून याबाबत अनेकदा गल्लत होते. ठरावात चुकीच्या योजनेचे नाव पडले की कागद परत येतो आणि एक वर्ष जाते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे. तो बहुतेक ठिकाणी सह्यांपुरता पाळला जातो. पाण्यासाठी तो खराखुरा पाळावा. हंडा कोण वाहते याचा विचार केला तर कारण सांगण्याची गरज नाही. जल जीवन मिशनच्या गाव पाणीपुरवठा समितीतही निम्म्या महिला असाव्यात असे मार्गदर्शक सूचना सांगतात. नहेम्याच्या कोटावर काम करणाऱ्यांच्या यादीत शल्लूम नावाच्या अधिकाऱ्यासोबत त्याच्या मुलींचीही नोंद आहे, आणि एका गावच्या सरदारांनी खांदा दिला नाही हेही त्याच यादीत लिहून ठेवले आहे. इतिवृत्त असे असावे.

जागेबद्दल मंडळीतील वडिलांना एक सूचना. पुष्कळदा प्रेमाने सुचवले जाते की टाकी प्रार्थनागृहाच्या आवारात बांधू, जागा आपण देऊ. हे करू नये. खासदार निधीच्या नियमांत धार्मिक स्थळाच्या आवारात किंवा धार्मिक संस्थेच्या जमिनीवर काम करता येत नाही. आणि नियम नसता तरी ते बरे नव्हते. पाणी सगळ्या पाड्याचे आहे. देवळात जाणारा, गावदेवाला नारळ देणारा, आणि आपल्यासोबत बसणारा, तिघांनाही तेथे कोणाची परवानगी आहे का असे मनात न येता जाता आले पाहिजे. तसेच अर्ज मंडळीच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर देऊ नये. तो ग्रामसभेचाच असावा. आपल्या सेवकाने लिहायला मदत करावी आणि मागे बसावे.

जागा वनखात्याची असेल तर लोक हात टेकतात. तसे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा गावसुविधांची यादी आहे, आणि पिण्याच्या पाण्याची योजना व जलवाहिनी तीत आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस, या अटींवर वनजमीन मिळते. ही शिफारस पाण्याच्या ठरावासोबत त्याच सभेत करून टाकावी.

आता दारे कोणती? सगळ्याच कामांना दिल्लीपर्यंत जावे लागत नाही. विहिरीला कठडा नाही, उतरायला पायऱ्या नाहीत, पहाटे अंधारात वाट दिसत नाही, ही कामे लहान आहेत, पण पाय घसरून विहिरीत पडलेल्या बाईच्या घरी ती लहान नसतात. पाण्याची मागणी करताना सुरक्षेची ही कामे त्याच ठरावात जोडून घ्यावीत: कठडा, पायऱ्या, धुण्यासाठी वेगळा ओटा, वाटेवर सौरदिवा. ग्रामपंचायतीकडे थेट येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशातून ती होऊ शकतात. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती, निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पाण्यासाठी. उरलेली ४० टक्के ग्रामपंचायतीने आपल्या गरजेप्रमाणे वापरायची होती. आयोग बदलला की टक्केवारी बदलते, म्हणून चालू वर्षाचा आकडा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून लेखी मागून घ्यावा. पेसा ग्रामपंचायतींना याखेरीज राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी मिळतो.

खासदार निधी हे दुसरे दार. प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, आणि त्यांतील साडेसात टक्के आदिवासी वस्तीच्या भागासाठी सुचवावीत असा दंडक आहे. म्हणजे वर्षाला साडेसदतीस लाख. खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. म्हणून खासदाराचे पत्र हाती आले की काम झाले असे समजून थांबू नये. मुंबई-पुण्यातील मंडळ्यांना सांगायचे ते हे, की तुमचा लोकसभेचा खासदार मुख्यतः तुमच्याच मतदारसंघासाठी शिफारस करतो, त्यामुळे मोखाड्याच्या पाड्यासाठी त्याच्याकडे खेटे घालून फारसे साधत नाही. पण महाराष्ट्रातून निवडून गेलेले राज्यसभेचे १९ सदस्य राज्यातील कोणत्याही जिल्ह्यासाठी काम सुचवू शकतात, आणि त्यांतील बरेच जण शहरात भेटतात. पाड्यावरचा माणूस त्यांच्या कार्यालयात पोचू शकत नाही. तुम्ही पोचू शकता. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक आणि जागेचा उतारा एका फाइलमध्ये घालून नेऊन देणे, पोच घेणे आणि महिन्याने पुन्हा विचारणे, ही सेवा पैशाने होत नाही.

पोच हा शब्द सहज आला, पण त्याला वजन आहे. प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. उत्तर आले नाही तर तोच क्रमांक घालून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

मग देणगीचे काय? आपण ती आजवर बहुधा मधल्या भागावर, म्हणजे खुद्द बोअरवर आणि पंपावर खर्च करत आलो. सरकार ज्यासाठी पैसा देते नेमके तेच आपण आपल्या पैशाने करतो. शिवाय असा पंप ग्रामपंचायतीच्या नोंदीत नसतो. तो बिघडला की दुरुस्तीला कोणी येत नाही, आणि पाडा आपल्याकडे पाहत बसतो. ज्यांना सरकार सहसा पैसा देत नाही ती दोन टोके आहेत. एक आरंभाचे: मोजमाप, पाण्याची तपासणी, नकाशा, तालुक्याच्या दहा खेपांचे बसभाडे, बुडालेली मजुरी. दुसरे शेवटचे: दोन वर्षांनी जळलेली मोटर, फुटलेला पाइप, पाड्यावरच्या एखाद्या तरुणाला पंप दुरुस्तीचे शिक्षण. आपले थोडे पैसे तेथे फार दूर जातात. याला अपवाद अर्थातच तहानेचा. एखाद्या पाड्यावर आज पाणी नसेल तर आज टँकर पाठवावा, आणि वही-बादली त्याच टँकरबरोबर पाठवावी.

लोकवर्गणीबद्दल मतभेद होईल, पण माझे मत सांगतो. जल जीवन मिशनमध्ये निम्म्याहून अधिक आदिवासी वस्ती असलेल्या गावाने गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या पाच टक्के वाटा उचलायचा असतो. इतर साधारण गावांना तो दहा टक्के आहे. बारा लाखांच्या कामाला साठ हजार, ४० घरांत वाटले तर घरटी दीड हजार. आपल्याला वाटते, गरीब लोक आहेत, मंडळीने भरून टाकावे. पण हा वाटा रोख, वस्तू किंवा श्रमदान अशा कोणत्याही रूपात देता येतो. पाइपाचा चर खणणाऱ्या हातांना तो पाइप कोठून जातो हे कायमचे ठाऊक होते. विधवा, वृद्ध, अपंग यांच्या घरांचा वाटा आपण जरूर उचलावा. सगळा पाडा मात्र उचलू नये. काम नीट पूर्ण झाल्यावर खर्चाच्या दहा टक्के रक्कम समितीकडे दुरुस्तीसाठी फिरता निधी म्हणून द्यावी अशीही तरतूद त्याच सूचनांत आहे. ती मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही.

शेवटचा कागद उपयोगिता प्रमाणपत्राचा. पेसा क्षेत्रात योजनेवर झालेला खर्च बरोबर झाला असे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचे असते. बहुतेक पाड्यांना हा अधिकार आपल्याकडे आहे हेच माहीत नसते. पावसाळा संपता संपता काम 'पूर्ण' होते, नळाला धो धो पाणी येते, फोटो निघतात आणि सही मागितली जाते. अशा वेळी सभेने मेमधल्या नोंदीची वही उघडावी आणि ठरावात लिहावे, की पुढील मे महिन्यात नळाखाली बादली धरून मोजमाप घेऊ, पाणी पुरेसे आले तर प्रमाणपत्र देऊ.